शिंप्याची टेप आणि अठरा महिने

शिंप्याच्या गळ्यात असते ती टेप बरोबर १५० सेंटीमीटरची असते. पूर्व जर्मनीच्या सैन्यात सक्तीने भरती झालेला पोरगा, घरी जायला १५० दिवस उरले की अशी एक टेप पैदा करायचा आणि रोज तिचा एक सेंटीमीटर कापून टाकायचा. टेप नुसती तशीच वापरायची नाही. रविवार वेगळ्या रंगात, सणाचे दिवस वेगळ्या रंगात, असं आधी रंगवून घ्यायचं. ठेवायला हाताने घडवलेली छोटीशी डबी. पहिला तुकडा कापायचा तो समारंभाने, खोलीतल्या नव्या पोरांना रांगेत उभं करून. हे सगळं नियमबाह्य होतं. वरिष्ठांच्या हाती टेप लागली की जप्त व्हायची आणि पोरगा दुसऱ्या दिवशी नवी टेप शोधायला लागायचा.

या सैन्याचे रणगाडे, क्षेपणास्त्रं, संचलनं यांवर खूप लिहिलं गेलंय. मला मात्र ते कळलं ते या टेपमुळे. राज्य लढाईच्या दिवसाची वाट पाहत होतं आणि जवान घरी जायच्या दिवसाची. एकाच बराकीत दोन घड्याळं चालू होती म्हणा ना. चौतीस वर्षांत या सैन्याने एकही युद्ध लढलं नाही, त्यामुळे तिथलं रोजचं आयुष्य घडलं ते या दोन घड्याळांच्या ओढाताणीतून.

आधी हे सैन्य आलं कुठून ते पाहू. १९४५ मध्ये हिटलरचा पराभव झाला तेव्हा जर्मनांच्या हाती पुन्हा बंदूक द्यायची नाही यावर सगळ्या विजेत्यांचं एकमत होतं. ते फार टिकलं नाही. १९४९ मध्ये देशाची दोन राज्यं झाली, पश्चिमेला अमेरिकेच्या छत्राखालचं आणि पूर्वेला सोव्हिएत संघाच्या. पूर्वेकडच्यांनी १९५२ मध्ये ‘बराकीतले पोलीस’ अशा नावाने सैन्यच उभं केलं, फक्त त्याला सैन्य म्हणायचं नाही. १९५५ मध्ये पश्चिम जर्मनी नाटोत गेला, त्याच महिन्यात सोव्हिएत गटाचा लष्करी वॉर्सा करार झाला आणि मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. १ मार्च १९५६ रोजी ‘नात्सिओनाले फोल्क्सआर्मे’, म्हणजे राष्ट्रीय लोकसेना, अधिकृतपणे जन्माला आली. जर्मन आद्याक्षरांवरून तिला एन-फाउ-आ म्हणत. साध्या बोलण्यात मात्र लोक म्हणायचे, ‘तो झेंड्याकडे आहे.’

या साम्यवादी सैन्याचा गणवेश पाहून अनेकजण चमकतात. दगडी करड्या रंगाचा कोट, त्याची शिवण, उंच बूट, गुडघा न वाकवता पाय वर फेकत केलेलं संचलन, सगळं जुन्या जर्मन सैन्यासारखं. ज्या फॅसिझमविरुद्ध आपण उभे आहोत असं हे राज्य रात्रंदिवस सांगायचं, त्याच काळातल्या सैनिकाची सावली त्याच्या जवानाच्या अंगावर. यामागे हिशेब होता. पश्चिमेकडच्या नव्या सैन्याने अमेरिकी वळणाचा गणवेश घेतला होता. तेव्हा ‘ते परक्यांचे, आम्ही खरे जर्मन’ असं दाखवायला पूर्वेने जुनी शिवण उचलली. लोखंडी टोप मात्र वेगळा, उतरत्या कडांचा. गंमत अशी की त्याचाही मूळ आराखडा दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या सैन्यासाठीच तयार झालेला, पण तेव्हा वापरात न आलेला.

सुरुवातीची सहा वर्षं भरती स्वेच्छेची होती, निदान कागदावर. सक्ती का केली नाही? कारण सोपं आहे. बर्लिनमधली सीमा उघडी होती. सक्ती केली असती तर अठरा वर्षांची पोरं लोकल गाडीत बसून दोन-चार स्टेशनं पुढे पश्चिमेत उतरली असती. १३ ऑगस्ट १९६१ रोजी भिंत उभी राहायला लागली आणि पाच-सहा महिन्यांतच, २४ जानेवारी १९६२ रोजी, सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. आधी दार लावलं, मग हजेरी घेतली.

आपल्याकडे सैन्यात जायचं ते आपल्या मर्जीने. भरती निघाली की सातारा-कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर पहाटे पोरं धावताना दिसतात, अर्ध्या सेकंदाने संधी हुकली म्हणून रडतात. त्यामुळे ‘सैन्यात गेलो’ हे वाक्य आपल्या कानाला जसं ऐकू येतं तसं तिथे येत नसे. तिथे १८ ते २६ वयाच्या कुठल्याही तंदुरुस्त मुलाला अठरा महिने द्यावेच लागत. शिवाय तीन वर्षांची सही कर म्हणून शाळेपासूनच मागे लागायचे. विद्यापीठात जागा हवी असेल तर ही सही फार उपयोगी पडायची आणि नकार नोंदीत राहायचा. १९७८ पासून तर नववी-दहावीला लष्करी शिक्षण हा विषयच आला.

बोलावणं वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला. पोहोचल्यावर केस कापायचे, गणवेश घ्यायचा आणि अंगावरचे कपडे खोक्यात भरून घरच्या पत्त्यावर पाठवायचे. हे खोकं घरी उघडणाऱ्या आयांचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. साध्या जवानाला बराकीत स्वतःचे कपडे ठेवता येत नसत. गावात फिरायला गेला तरी गणवेशातच.

मग सुरू व्हायचा दिवस. सकाळी सहाला कॉरिडॉरमध्ये शिट्टी आणि आरोळी, ‘रात्रीची विश्रांती संपवा!’ लगेच धावायला बाहेर. परत येऊन पलंग लावायचा, म्हणजे चौकड्यांची चादर आणि पांघरुणाची घडी अशी बसवायची की कडा पट्टीने आखल्यासारखी दिसली पाहिजे. कपाटातले कपडे एकसारख्या रुंदीच्या घड्यांत. कोटाच्या कॉलरला आतून लावायची पांढरी पट्टी स्वच्छ आहे की नाही, तेही तपासत. घडी बिघडली असेल तर वरिष्ठ सगळं कपाट जमिनीवर ओतायचा आणि पुन्हा लावायला सांगायचा. मग कवायत, गोळीबाराचा सराव, गाड्यांची देखभाल, पहारा. अणुबॉम्ब किंवा विषारी वायूचा हल्ला झालाय असं धरून चेहऱ्यावर मुखवटा आणि अंगात रबरी पोशाख चढवून पळायचं. उन्हाळ्यात त्या पोशाखात जवान स्वतःच्याच घामात शिजायचा. रात्री दहाला दिवे बंद.

मधे राजकीय वर्ग. महिन्यातून दोन दिवस बसून मार्क्स-लेनिन, शत्रू कोण, मित्र कोण. जवानांनी त्याला नाव ठेवलं होतं ‘लाल दिव्याचा शेक’. संध्याकाळी सरकारी दूरचित्रवाणीवरच्या बातम्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहायच्या, हाही नियम. रेडिओ बाळगता यायचा, पण त्याच्या तबकडीवर देशातल्या केंद्रांच्या जागी खुणेच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि काटा त्या खुणांवरच राहिला पाहिजे. पश्चिमेचं केंद्र लावलेलं सापडलं तर भानगड. हे घरोघरी पश्चिमेचा टीव्ही बघणाऱ्या देशात चाललं होतं हे लक्षात घ्या. पोरगा सोळाव्या वर्षी घरात जे उघडपणे पाहायचा, ते एकोणिसाव्या वर्षी बराकीत गुन्हा ठरायचं.

खोलीत आठ-दहा जण. त्यांपैकी कोण गुप्त पोलिसांना खबर देतो हे कुणालाच ठाऊक नाही, पण कुणीतरी देतो हे सगळ्यांना ठाऊक. या गुप्त पोलिसांचा, म्हणजे श्टाझीचा, स्वतंत्र विभाग सैन्यात बसलेला होता. जवान त्याला ‘दोन हजार’ या आकड्याने ओळखत. आणि चहाबद्दल एक दंतकथा पिढ्यानपिढ्या चालत आली होती, की पोरांच्या मनातले पोरींचे विचार मारायला चहात काहीतरी पूड मिसळतात. तसलं काही नव्हतं. अठरा महिने कोंडलेल्या पोरांना कशाला तरी दोष द्यायला हवा होता, तो चहाला मिळाला.

कोंडलेल्या हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. इथे राज्याचं घड्याळ येतं. मॉस्कोची आणि पूर्व बर्लिनची धारणा अशी की नाटो कोणत्याही क्षणी हल्ला करू शकतो, तेव्हा प्रत्येक तुकडीचे ८५ टक्के लोक कायम, अगदी रविवारी आणि नाताळातही, तळावर हजर पाहिजेत. धोक्याचा इशारा झाला की ठरलेल्या मिनिटांत माणसं, दारूगोळा, रणगाडे दाराबाहेर. इशारे बहुतेक रात्रीच व्हायचे आणि ते खरे की सरावाचे, हे धावत असताना कळायचं नाही. पश्चिम जर्मनीचा जवान शुक्रवारी दुपारी घरच्या गाडीत बसायचा, तेव्हा इकडचा खिडकीतून रस्ता बघत असायचा.

आता साधा हिशेब करा. १०० जणांच्या तुकडीत एका वेळी फार तर १५ जण बाहेर असू शकतात. त्यातच आजारी, प्रशिक्षणाला गेलेले आणि बायकामुलं असलेले अधिकारीही आले. साध्या जवानाच्या वाट्याला काय उरणार? कित्येक आठवडे घर दिसायचं नाही. त्यात तळ बहुधा घरापासून लांब. सगळ्यात बदनाम ठिकाण म्हणजे ईशान्येला पोलंडच्या सीमेजवळचं एगेसिन, नववी रणगाडा डिव्हिजन जिथे होती ते. त्याला जवान ‘तीन सागरांचा प्रदेश’ म्हणायचे. पहिला जंगलाचा सागर, दुसरा वाळूचा सागर, आणि तिसरा? जर्मनमध्ये ‘सागर’ आणि ‘अधिक’ हे शब्द कानाला सारखेच लागतात. त्यामुळे तिसरा सागर म्हणजे ‘याहून अधिक काहीच नाही’. भाषांतरात विनोद मरतो, पण पोरांची अवस्था कळते.

एवढ्या सक्तीतून, एवढ्या कंटाळ्यातून काय उगवतं? पोरांनी पोरांवर चालवलेलं राज्य. भरती दर सहा महिन्यांनी आणि सेवा अठरा महिन्यांची, म्हणून प्रत्येक खोलीत तीन थर असत. पहिल्या सहामाहीतला सगळ्यात खाली, दुसरीतला मधला, त्याला ‘व्हाइस’ म्हणत, आणि तिसरीतला ‘ए-का’, म्हणजे सुटकेचा उमेदवार. हुद्दा तिघांचाही जवळपास एकच. पण फरशी घासायची कुणी, शेगडीत कोळसा टाकायचा कुणी, कॉफी आणून द्यायची कुणी हे महिन्यांच्या हिशेबाने ठरायचं. लाकडी दांड्याला जड ठोकळा लावलेलं फरशी चकाकवायचं अवजार नव्या पोराच्या हातातून सहा महिने सुटत नसे.

एवढ्यावर थांबलं असतं तर वसतिगृहातल्या रॅगिंगसारखं म्हणून सोडून देता आलं असतं. थांबायचं नाही. ‘कासव’ नावाचा एक प्रकार होता. नव्या पोराच्या गुडघ्यांना आणि कोपरांना लोखंडी टोप बांधायचे आणि त्यानेच चकाकवलेल्या कॉरिडॉरमधून त्याला ढकलून द्यायचं, भिंतीवर आपटेपर्यंत. दुसरा प्रकार ‘गाण्याची पेटी’. पोराला कपाटात कोंडायचं, फटीतून नाणं टाकायचं, की त्याने गाणं म्हणायचं. गाणं आवडलं नाही तर कपाट हलवायचं. टेप कापायचा समारंभही याच सत्तेचा भाग होता. माझे दिवस संपत आलेत, तुझे अजून मोजताही येत नाहीत, हे नव्याला दाखवून देण्यासाठीच तर त्याला रांगेत उभं करायचं.

अधिकाऱ्यांना हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. परिपत्रकं निघायची, शिक्षा व्हायच्या आणि पुष्कळदा डोळेझाकही व्हायची. जुनी पोरं खोली स्वच्छ ठेवून घेत होती, नव्यांना वळण लावत होती. अधिकाऱ्याचं काम परस्पर होत होतं. समाजवादी राज्यात माणसाने माणसाचं शोषण करायचं नाही असं वर्गात शिकवायचं आणि कॉरिडॉरमध्ये हे. सोव्हिएत सैन्यात हाच रोग जास्त भीषण होता. तिथे जुन्या जवानांना ‘आजोबा’ म्हणत आणि छळाचं नावच ‘आजोबागिरी’ या अर्थाचं पडलं होतं.

खऱ्या शिक्षेची भीती एका गावाच्या नावात साठलेली होती. श्वेट. ओडर नदीकाठचं हे गाव, तिथे लष्करी तुरुंग. ‘श्वेटला जाशील’ एवढं म्हटलं की पुरे. १९८२ पासून तर न्यायालयाशिवाय, नुसत्या कमांडरच्या आदेशाने तीन महिन्यांपर्यंत तिथे पाठवता यायचं. परत आलेला गप्प असायचा, कारण बोलायचं नाही असं त्याला बजावलेलं असे. त्याच्या गप्प राहण्यानेच बाकीच्यांना जास्त धाक बसायचा.

बंदूक धरायचीच नसेल तर? इथे पूर्व जर्मनीने साम्यवादी गटात दुसऱ्या कुणी न केलेली एक गोष्ट केली. चर्चच्या दबावामुळे ७ सप्टेंबर १९६४ रोजी ‘बांधकाम जवान’ हा वर्ग सुरू झाला. गणवेश तोच, शिस्त तीच, पण हातात बंदुकीऐवजी फावडं. खांद्यावरच्या पट्टीवरही फावड्याचंच चिन्ह, म्हणून लोक त्यांना फावडंवाले जवान म्हणत. कागदावर ही सवलत होती. प्रत्यक्षात हा मार्ग निवडणाऱ्याच्या नावावर कायमची खूण बसायची आणि विद्यापीठाची दारं बहुधा बंद व्हायची. त्यांच्यातले अनेकजण बाल्टिक समुद्रातल्या र्‍यूगन बेटावर प्रोरा इथे राहिले. नाझींनी कामगारांच्या सुट्यांसाठी बांधायला घेतलेली, साडेचार किलोमीटर लांब पसरलेली ती अर्धवट इमारत. हिटलरच्या विश्रामगृहात साम्यवादी सैन्याची बराक, आणि त्यात बंदूक नाकारणारी पोरं! ही पोरं १९८० च्या दशकात जवळच मुक्रानचं बंदर बांधत होती. तिथून थेट सोव्हिएत लिथुआनियाला मालगाड्या वाहून नेणारी जहाजं सुटणार होती, म्हणजे बेभरवशाच्या पोलंडमधून जायला नको.

फावडं तसं बंदूकवाल्यांच्याही हातात यायचं. १९७८ सरता सरता उत्तरेत भयंकर हिमवादळ झालं, र्‍यूगन बेटाचा बाकी देशाशी संपर्क तुटला, तेव्हा रणगाडे घेऊन जवानच रस्ते मोकळे करत होते. त्याचा त्यांना अभिमान असे, आणि योग्यच होता. पुढे अर्थव्यवस्था डबघाईला आली तसे हजारो जवान कोळशाच्या खाणींत आणि रासायनिक कारखान्यांत पाठवले गेले. नाटोशी लढायला ८५ टक्के हजर ठेवलेली पोरं दगडी रंगाच्या गणवेशात यंत्रं चालवत होती.

आणि लढाई? तशी वेळ एकदा दारापर्यंत आली होती. ऑगस्ट १९६८ मध्ये वॉर्सा कराराची सैन्यं चेकोस्लोव्हाकियात घुसली तेव्हा पूर्व जर्मनीच्या दोन डिव्हिजन सीमेजवळ सज्ज होत्या. पण त्या आत गेल्या नाहीत. हिटलरचं सैन्य १९३९ मध्ये शिरलं, त्यानंतर तीसच वर्षांत जर्मन गणवेश पुन्हा प्रागमध्ये दिसणं परवडणारं नव्हतं. सरकारी प्रचारात मात्र आपणही सहभागी होतो असंच पुढे कितीतरी वर्षं भासवलं जाई.

सीमेवरच्या पहारेकऱ्यांचा विषय वेगळा आणि मोठा आहे. तिथे साध्या भरतीतल्या पोरांवरच पळून जाणाऱ्या आपल्याच माणसावर गोळी झाडायची वेळ यायची. म्हणून पहाऱ्याच्या जोड्या मुद्दाम बदलत ठेवायचे, दोघांचं एकमेकांवर विश्वास टाकण्याइतकं जमू नये यासाठी. तो विषय इथे उरकण्यासारखा नाही.

१९८९ च्या शरद ऋतूत लोक रस्त्यावर उतरले तेव्हा सैन्यातून दंडुके दिलेल्या तुकड्या तयार केल्या गेल्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ड्रेस्डेनमध्ये त्या प्रत्यक्ष रस्त्यावर आल्या. पोरांसमोर पेच असा होता की पलीकडच्या गर्दीत आपला भाऊ किंवा वर्गातली मैत्रीण असू शकते. रणगाडे मात्र निघाले नाहीत, गोळीबार झाला नाही. ९ नोव्हेंबरला भिंत उघडली.

पुढचं वेगाने झालं. एप्रिल १९९० मध्ये राइनर एपेलमन नावाचे पाद्री ‘निःशस्त्रीकरण आणि संरक्षण’ खात्याचे मंत्री झाले. हे गृहस्थ स्वतः फावडंवाले जवान होते आणि शपथेसारखं वचन घ्यायला नकार दिला म्हणून त्यांनी आठ महिने तुरुंगात काढले होते! २० जुलैला, म्हणजे १९४४ मध्ये हिटलरच्या हत्येचा प्रयत्न झाला त्याच तारखेला, सैन्याने नवी शपथ घेतली. सप्टेंबरमध्ये देश वॉर्सा करारातून बाहेर पडला आणि २ ऑक्टोबरला ही सेना संपली. दुसऱ्या दिवशी दोन्ही जर्मनी एक झाले आणि सुमारे ९० हजार लोक पश्चिमेच्या गणवेशात उभे होते. त्यांतले थोडेच कायम झाले, जनरल तर एकही नाही. शिल्लक मालाचं काय झालं? नौदलाची ३९ जहाजं इंडोनेशियाने घेतली. मिग-२९ विमानं काही वर्षं जर्मन हवाई दलाने उडवली आणि मग बहुतेक सगळी पोलंडला प्रत्येकी एका युरोत दिली.

पण मला या सगळ्यापेक्षा त्याच वर्षाचा पहिला दिवस जास्त आठवतो. १ जानेवारी १९९० रोजी बर्लिनच्या नैर्ऋत्येला बेलिट्स इथल्या तळावर जवानांनी संप केला. साम्यवादी सैन्यात संप! भिंत पडून सात आठवडे झाले होते, सगळा देश पश्चिमेत फिरून येत होता आणि यांना मात्र अजूनही खिडकीतून रस्ताच बघायचा होता. दुसऱ्या दिवशी संरक्षणमंत्री ॲडमिरल टेओडोर होफमन स्वतः तिथे धावले. मागण्या मान्य झाल्या. सेवा अठरावरून बारा महिन्यांवर आली, आठवड्याला पाच दिवस काम ठरलं, ‘कॉम्रेड’ जाऊन ‘श्रीयुत’ आलं. आणि बारा महिने ज्यांचे आधीच भरले होते त्यांना त्याच महिन्यात घरी सोडलं.

म्हणजे सगळे ए-का. त्यांची सुटका एप्रिलअखेरीस ठरलेली होती, टेप डिसेंबरच्या सुरुवातीला कापायला घेतलेली. मी बसून हिशेब केला. जानेवारीच्या अखेरीस प्रत्येकाच्या डबीत अजून नव्वद-पंचाण्णव सेंटीमीटर शिल्लक असणार.